पऱ्हाटीच्या कांड्या, तराजू आणि खिडकी

चुलीजवळ बसून ऐकत असाल तर रेडिओचा आवाज जरा वाढवा, आणि हात मोकळे असतील तर कागद-पेन जवळ घ्या. आज थोडे आकडे सांगणार आहे. हळू सांगते, आणि कामाचे आकडे दोनदा सांगते.

मी बचत गटांची समन्वयक आहे. आमच्या भागातल्या चौदा गटांचं काम पाहते. आपला भाग कापसाचा. सध्या शेताशेतात पऱ्हाटी उपटणं सुरू आहे. त्यातली थोडी आपण घरामागे रचून ठेवतो आणि उरलेली धुऱ्यावर नेऊन पेटवून देतो. घरामागच्या गंजीत विंचू निघतो, कधी साप निघतो. मृगाचा पाऊस पडला की ती गंजी भिजते आणि मग चार महिने आपण ओल्या सरपणाला फुंकर घालत डोळे पुसत बसतो. गॅसची टाकी बऱ्याच जणींकडे आहे. पण भरून आणायचे पैसे हाताशी नसले की आपण पुन्हा चुलीपाशीच येतो, हे तुम्हीही जाणता आणि मीही जाणते.

चुलीचा हा धूर साधा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात घरातल्या अशा धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. त्यात बायका आणि लहान मुलंच जास्त सापडतात, कारण चुलीजवळ तीच असतात.

तर धुऱ्यावर जी पऱ्हाटी आपण फुकट जाळतो, तिचा कोळसा करून त्याच्या कांड्या करता येतात. काही जणी त्याला ब्रिकेट म्हणतात, आम्ही कांडी कोळसा म्हणतो. आम्ही हे कसं सुरू केलं, कुठे चुकलो आणि एकदा कसं जिवावर बेतलं होतं, ते सगळं आज सांगणार आहे.

सुरुवात एका मोठ्या मशीनपासून झाली. दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्या गटाच्या बैठकीत आले. पऱ्हाटीचा भुसा करून तो दाबून जाड कांड्या काढणारं मशीन घ्या, म्हणाले. या कांड्यांना बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. तो कारखान्यांच्या बॉयलरला चालतो. त्याला डिंक नाही, खळ नाही, काही लागत नाही. जोराच्या दाबाने भुसा तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच भुसा घट्ट धरून ठेवतं. ही माहिती खरी होती. औष्णिक वीज केंद्रांत कोळशाबरोबर पाच टक्के शेतातल्या काडीकचऱ्याचं इंधन वापरायचं, असं सरकारी धोरण २०२१ मध्ये आलं, तेही त्यांनी सांगितलं. तेही खरं होतं. मशीनची किंमत लाखांच्या घरात होती. कर्ज मिळवून देतो, म्हणाले. आमच्या पोरी खूश झाल्या. मीही खूश झाले, खोटं कशाला सांगू?

आमच्या गटात एक मावशी आहेत, शाळा चौथीपर्यंत झालेली. त्या म्हणाल्या, "बाई, हे मशीन एका दिवसात किती खाते?" त्या गृहस्थांनी सांगितलं, तासाला अर्धा टन. मावशी म्हणाल्या, "मग मांड हिशेब."

मी फळ्यावर हिशेब मांडला. तुम्हीही लिहून घ्या. तासाला अर्धा टन, म्हणजे आठ तासांत चार टन. वर्षाचे तीनशे दिवस चालवलं तर बाराशे टन. पुन्हा सांगते, बाराशे टन. आपल्या कोरडवाहू कापसाची वाळलेली पऱ्हाटी एकरी साधारण एक टन भरते. आमच्या गावात कापूस सहाशे एकर. म्हणजे सगळी मिळून सहाशे टन. त्यातली निम्मी लोक सरपणाला ठेवतात. उरली तीनशे टन. रोज चार टनांच्या हिशेबाने तीनशे टन किती दिवस पुरणार? पंचाहत्तर दिवस. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने.

शिवाय त्या मशीनला थ्री फेज वीज हवी, पऱ्हाटी बारीक करायला वेगळं यंत्र हवं, माल सुकवायला आणि पावसापासून झाकायला मोठी शेड हवी. भुशात दहा-बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओल असली तर कांडी फुटते. मशीन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पाच-सहा गावं एकत्र आली, जवळ जिनिंग असलं आणि माल घेणारा कारखाना आधीच ठरलेला असला, तर ते चालतं. आमच्या एका गटाला ते झेपणारं नव्हतं. त्या दिवशी ठरावाच्या वहीत आम्ही लिहिलं, "आधी तराजू, मग कर्ज." तेव्हापासून तराजू आमच्या प्रत्येक बैठकीत असतो.

मग हाताने काय करता येईल, याचा शोध सुरू केला. पुण्यात आरती नावाची संस्था आहे. पूर्ण नाव ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट. डॉ. आनंद कर्वे यांनी ती स्थापन केली. या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा आणि त्याच्या कांड्या करायची पद्धत बसवली. त्या कामाला २००२ मध्ये इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या भट्टीत एका मोठ्या पिंपात पाचट भरलेली सात लहान पिंपं ठेवतात. पाचट तापून जो वायू निघतो तोच भट्टीत जळतो, त्यामुळे धूर कमी होतो. कापसाच्या पऱ्हाटीवर मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने काम केलं आहे. ही संस्था १९२४ पासूनची आहे, आणि तिचं जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपुरात आहे. पऱ्हाटी म्हणजे कचरा नाही, हे मोठ्या लोकांनी आधीच दाखवून दिलेलं आहे. आपण फक्त आपल्या ऐपतीत बसेल ते घ्यायचं.

आता कृती सांगते.

दोनशे लिटरचं लोखंडी पिंप घ्या. तेलाचं चालेल. फवारणीच्या औषधाचं किंवा कसल्याही केमिकलचं पिंप मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. पिंपाचं वरचं झाकण कापून वेगळं करा आणि बुडाला दहा-बारा भोकं पाडा. गावातला वेल्डिंगवाला हे करून देतो. पिंप तीन दगडांवर ठेवा, म्हणजे खालून हवा जाईल. घरापासून लांब ठेवा, गंजीपासून लांब ठेवा, आणि जवळ दोन बादल्या पाणी ठेवा. सुती लुगडं नेसा, पदर खोचून घ्या. नायलॉनची साडी नको.

पऱ्हाटी कडकडीत वाळलेली हवी. हातभर तुकडे करून पिंपात उभे भरा, मध्ये पेटवायला थोडी जागा ठेवा. वरून पेटवा. आधी दाट पांढरा धूर येतो, ती ओल जात असते. मग धूर पिवळट होतो. तो डोळ्यांत, छातीत घेऊ नका, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभ्या राहा. थोड्या वेळाने धूर पातळ होतो आणि जवळजवळ दिसेनासा होतो. हीच वेळ ओळखायची. लगेच झाकण टाका, लोखंडी सळीने खालचे दगड काढा, आणि बुडाशी व झाकणाच्या कडेला ओली माती लिंपून सगळी हवा बंद करा. मग रात्रभर हात लावायचा नाही.

पहिल्या खेपेला आम्ही चार तासांतच झाकण उघडलं होतं. उत्सुकता होती ना! वरून सगळं थंड दिसत होतं. हवा लागली आणि डोळ्यांदेखत कोळसा फुलला. दिवसभराच्या मेहनतीची पाटीभर राख झाली. म्हणून सांगते, रात्रभर थांबा. सकाळी काढलेला कोळसाही एक दिवस उघड्यावर पसरून ठेवा, लगेच पोत्यात भरून घरात नेऊ नका. आत एखादा निखारा जिवंत असतो.

एका पिंपात साधारण वीस किलो पऱ्हाटी मावते आणि त्यातून चार किलोच्या आसपास कोळसा निघतो. पुन्हा सांगते, वीस किलोचे चार किलो.

हा कोळसा पोत्यात घालून कुटायचा आणि चाळणीने चाळायचा. नाकातोंडाला ओढणी बांधायची. मग खळ करायची. दहा किलो भुकटीला आम्ही सातशे ग्रॅम पीठ घेतो. चक्कीवर खाली सांडलेलं पीठ स्वस्तात मिळतं, तेच चालतं. ते सहा-सात लिटर पाण्यात शिजवून पातळ खळ करायची आणि भुकटीत मळायची. मूठ वळली आणि उघडल्यावर मोडली नाही, की झालं. सुरुवातीला मी घरचा चकलीचा सोऱ्या नेला होता. दोन दिवसांत त्याचा दांडा मोडला आणि सासूबाईंची बोलणी खाल्ली ती वेगळीच. नंतर आम्ही वेल्डिंगवाल्याकडून हाताने फिरवायचं कांडी यंत्र करून घेतलं. कांड्या उन्हात तीन-चार दिवस वाळवायच्या. त्या पावसाळ्यात करू नका, पिठामुळे बुरशी धरतात. हे काम फेब्रुवारी ते मे एवढंच.

आता पैशाचं बोलते, कारण बैठकीत पहिला प्रश्न तोच येतो.

आमच्याकडे दोन पिंपं. रोज आठ किलो कोळसा. मागच्या उन्हाळ्यात पंचाहत्तर दिवस काम केलं, सहा क्विंटल माल झाला. त्यासाठी पऱ्हाटी लागली तीन टन, म्हणजे फक्त तीन एकरांची. दहा जणींनी चाळीस-चाळीस किलो घरी नेलं, ते चार क्विंटल. उरलेले दोन क्विंटल चहाच्या टपऱ्यांना आणि इस्त्रीवाल्याला तीस रुपये किलोने विकले, त्याचे सहा हजार आले. खर्च असा: दोन पिंपांचे अठराशे, कांडी यंत्राचे पस्तीसशे, पिठाचे सहाशे तीस. एकूण पाच हजार नऊशे तीस. म्हणजे पहिल्या वर्षी गटाच्या पेटीत सत्तर रुपये उरले.

हसू नका. पुढचं ऐका. रोज दोघी जणी अर्धा-अर्धा दिवस राबल्या, म्हणजे पंचाहत्तर दिवसांची मजुरी. त्याबदल्यात घरात आला चार क्विंटल कोळसा. तीस रुपयांनी धरला तर बारा हजारांचा. दिवसाला पडले एकशे साठ. कापूस वेचायला गेलं तर यापेक्षा जास्त मिळतात. म्हणून वेचणीच्या दिवसांत आम्ही पिंप पेटवत नाही. हाताला दुसरं काम नसतं तेव्हाच हे काम. कांडी कोळशाने घर श्रीमंत होतं असं कोणी सांगितलं, तर तिला तराजू दाखवा.

अजून एक खरं सांगायला हवं. कोळसा करताना पऱ्हाटीतली निम्म्याहून जास्त उष्णता निघून जाते. म्हणून जी पऱ्हाटी वाळलेली आहे आणि तुमच्या चांगल्या चुलीत सरळ जळते, तिचा कोळसा करत बसू नका. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी पऱ्हाटी बारीक करून जमिनीत मिसळली तर तेही उत्तमच. आपण घ्यायची ती धुऱ्यावर जाळली जाणारी. शेतात ती फार दिवस उभी ठेवायचीही नाही. राहिलेल्या हिरव्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडते आणि पुढच्या हंगामात पुन्हा येते. म्हणूनच कृषी विभाग फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर काढा, असं सांगत असतो. म्हणजे पऱ्हाटी लवकर उपटली तर शेताचंही भलं आणि आपल्या पिंपाचंही.

मग फायदा कोणता? तो पावसाळ्यात कळतो. चाळीस किलो कांड्या दोन पोत्यांत मावतात, घरात कोरड्या राहतात, विंचू नाही की साप नाही. एका वेळच्या वरण-भात-भाजीला आम्हाला अर्धा किलो लागतो. म्हणजे ऐंशी वेळचा स्वयंपाक. भाकरीला जाळ लागतो, ती शेगडीवर मनासारखी होत नाही. पण भर पावसात ओल्या काड्या फुंकायची पाळी आली नाही. आमच्या मावशी म्हणाल्या, या वर्षी श्रावणात माझे डोळे कोरडे राहिले.

इथवर सगळं चांगलं होतं. आता सांगते ती गोष्ट सांगायला मला जड जातं. जिच्या घरी घडली तिची परवानगी घेतली आहे, नाव घेणार नाही.

या पौषात आमच्या एका सदस्येची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ नऊ दिवसांचं. थंडी कडाक्याची. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची रीत आहे. त्या ताईंनी कौतुकाने आपल्या हातच्या कांड्या पेटवल्या आणि शेगडी बाजेखाली सरकवली. वारा लागू नये म्हणून खिडकी लावली, फटीत फडकं कोंबलं, दार ओढून घेतलं. गोवऱ्या असत्या तर खोली धुराने भरली असती, कोणीतरी खोकललं असतं आणि दार उघडलं असतं. कांड्यांना धूर नव्हता. सगळे निवांत झोपले.

पहाटे जावई दूध घेऊन आले. हाक मारली तर कोणी ओ देईना. दार ढकललं. मुलीला उठता येत नव्हतं, डोकं फुटतंय म्हणत होती, उलटी झाली. बाळ दूध ओढेना. त्यांनी दोघांना उचलून अंगणात आणलं, १०८ ला फोन केला. दवाखान्यात प्राणवायू लावला. देवाची दया आणि जावयाचं लवकर येणं, म्हणून दोघं आज धडधाकट आहेत.

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. कोणताही कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साठतो, आणि रक्तात प्राणवायूच्या जागी जाऊन बसतो. माणसाला गुंगी येते आणि त्या गुंगीतच माणूस जातो.

मैत्रिणींनो, त्या ताईंची चूक नव्हती. चूक माझी होती. कोळसा कसा करायचा, कितीला विकायचा, हे सगळं मी शिकवलं. तो कुठे जाळायचा नाही, हे शिकवलं नाही. "धूर नाही, धूर नाही" असं मीच चौदा गटांत सांगत फिरले होते. धूर नाही म्हणजे विष नाही, असं नसतं. हे मला कळायला एका नऊ दिवसांच्या बाळाला दवाखान्यात जावं लागलं. त्यानंतर महिनाभर मी गटाचं काम सोडायचा विचार करत होते. त्याच ताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "सोडून काय होईल? जे मला सांगितलं नाही, ते आता सगळ्यांना सांग." म्हणून आज या माइकसमोर बसले आहे.

आता नियम ऐका आणि शेजारणीलाही सांगा. पहिला: शेगडी पेटवायची ती अंगणात किंवा मोकळ्या पडवीत. निखारे लाल झाल्यावरसुद्धा बंद खोलीत न्यायची नाही. दुसरा: स्वयंपाकघरात वापरायची तर दार आणि खिडकी दोन्ही उघडी. पावसाचे शिंतोडे आले तर येऊ द्या. तिसरा: शेगडी पेटती ठेवून कोणीही झोपायचं नाही. चौथा: बाळंतिणीच्या खोलीत शेगडी नाही म्हणजे नाही. शेक द्यायचा असेल तर कपडा बाहेर शेगडीवर गरम करा, गालाला लावून बघा आणि मग आत न्या. किंवा गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून वापरा. पाचवा: शेगडीजवळ डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं, तर आधी सगळ्यांना उघड्यावर आणा आणि लगेच १०८ ला फोन करा. लिंबूपाणी, कांदा हुंगवणं, यात वेळ घालवू नका.

आता आमच्या प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी असते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिच्यावर उघड्या खिडकीचं चित्र काढलंय. चित्र त्या बाळाच्या आईने काढलं. तिचा हात चांगला आहे.

तुमच्या गटाला हे काम करायचं असेल तर घाई करू नका. या आठवड्यात एवढंच करा. गावात कापूस किती एकर आहे ते विचारा, धुऱ्यावर किती पऱ्हाटी जळते ते बघा, आणि एक पिंप मिळतं का ते पाहा. एका पिंपाने सुरुवात करा. पहिल्या कांड्या आपल्याच शेगडीत जाळा, बाजाराचं नंतर बघू. तराजू जवळ ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा.